हूकरला साथ सापडली तेव्हा

अमेरिकेतला ब्लूज गायक-गिटारवादक हूकर याच्याबरोबर पहिल्यांदा वाजवायला बसलेल्या ड्रमवाल्याला दोन मिनिटांत घाम फुटायचा. गाणं सुरू झालं, ठेका धरला, चार-चार मात्रांची घरं मोजत तो निघाला, आणि जिथे सूर बदलायला हवा तिथे हूकर बदलतच नाही. ओळ संपली तरी गिटार तिथेच घुटमळत राहते. मग भलत्याच ठिकाणी, घर अर्धं झालेलं असताना, पुढची ओळ येऊन पडते. ड्रमवाला मागे राहतो, पियानोवाला पुढे निघून जातो, बेसवाला दोघांच्या तोंडाकडे बघतो. जॉन ली हूकर मात्र काळ्या चष्म्याआडून कुणाकडे न बघता, पाय आपटत गातच असतो.

याच हूकरचा 'द हीलर' हा अल्बम 1989 साली आला. हीलर म्हणजे बरं करणारा, आपल्या भाषेत वैद्यही आणि भगतही. हूकर तेव्हा सत्तरी ओलांडून गेला होता. नेमकं वय सांगणं अवघड आहे, कारण तो स्वतः आपलं जन्मसाल 1917 सांगायचा आणि 1920 च्या जनगणनेतली नोंद पाहिली तर ते 1912 च्या आसपासचं निघतं. म्हणजे 72 धरा, नाहीतर 77. या वयात त्याला आयुष्यातलं पहिलं ग्रॅमी मिळालं, आणि त्यानंतरची बारा वर्षं तो ब्लूजच्या दुनियेतला सगळ्यात मानाचा म्हातारा म्हणून जगला.

अशा पुनरागमनाबद्दल दोन गोष्टी हमखास बोलल्या जातात. एक, नशीब उघडलं. दोन, मोठमोठ्या नावांनी हात दिला. दोन्हींत तथ्य आहे, पण गाणी कान देऊन ऐकली की मला तिसरीच गोष्ट दिसते, आणि ती साथीची आहे. चाळीस वर्षं लोक हूकरला आपल्या मापात बसवायला बघत होते. या अल्बमसाठी त्याच्या मापाने वाजवू शकणारी माणसं एकत्र आली. हे समजायला थोडं ब्लूजचं व्याकरण लागतं आणि रेकॉर्ड कंपन्यांच्या हिशेबाची थोडी माहिती लागते. आधी व्याकरण.

ब्लूज हे अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या कृष्णवर्णीय लोकांचं संगीत. गुलामगिरी कायद्याने संपली, पण कापसाच्या शेतावरचं राबणं तसंच राहिलं. त्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला आणि विसाव्याच्या सुरुवातीला, शेतातल्या हाका, कामाची गाणी आणि चर्चमधली भजनं यांतून ते आकाराला आलं. त्याचं माहेरघर म्हणून ज्या 'मिसिसिपी डेल्टा'चं नाव घेतात तो नदीच्या मुखाजवळचा प्रदेश नव्हे. मिसिसिपी आणि याझू या दोन नद्यांमधला काळ्या मातीचा तो सपाट पट्टा आहे. आपल्याकडच्या कापूस पिकवणाऱ्या माणसाला ती जमीन लगेच ओळखीची वाटेल. हूकर याच पट्ट्यातल्या क्लार्क्सडेल गावाच्या आसपास जन्मला. वडील दुसऱ्याची जमीन वाट्याने कसायचे आणि चर्चमध्ये प्रवचन करायचे. घरात पोरांचा गोतावळा मोठा.

ब्लूजचा सगळ्यांना माहीत असलेला साचा बारा घरांचा. एका घरात चार मात्रा, म्हणजे 48 मात्रांचं एक आवर्तन. गिटार किंवा पियानोवर तीन-चार सूर एकदम छेडले की त्याला कॉर्ड म्हणतात, आणि या साच्यात अशा तीन कॉर्ड पुरतात. सा धरून सांगायचं तर पहिली चार घरं सा च्या कॉर्डची, मग दोन म ची, दोन परत सा ची, एक प ची, एक म ची, आणि शेवटची दोन पुन्हा सा वर विसावलेली. शब्दांचीही तशीच रचना असते. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, आणि तिसऱ्या ओळीत तिचं उत्तर द्यायचं किंवा तिला फाटा फोडायचा. गायकीतली खरी चव ग च्या आसपास असते. कोमल आणि शुद्ध यांच्या मधल्या जागेवर आवाज रेंगाळतो, गिटारवाला तार ओढून तीच जागा काढतो. मींड ऐकून तयार झालेल्या कानाला हे समजावून सांगावं लागत नाही.

या साच्याचा मोठा फायदा असा की कुठल्याही गावातले चार अनोळखी वादक एकत्र बसून लगेच वाजवू शकतात. कुठे वळायचं ते सगळ्यांना ठाऊक असतं.

हूकर वळतच नाही. त्याची कितीतरी गाणी पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच कॉर्डवर उभी आहेत. हे तो आपल्या सावत्र वडिलांकडून, विल मूरकडून शिकला. मूर हा लुइझियानाकडचा. तिकडची वाजवण्याची रीत डेल्टातल्या इतरांपेक्षा वेगळी होती, आणि आपण वाजवतो ते विल मूरचंच, असं हूकर आयुष्यभर सांगत राहिला. गिटारच्या तारा अशा लावायच्या की नुसत्या मोकळ्या छेडल्या तरी एक अख्खी कॉर्ड वाजावी. मग अंगठ्याने खालचा सूर धरून ठेवायचा आणि वर बोटांनी छोट्या छोट्या हरकती टाकायच्या.

तानपुरा आठवला ना? मला त्याहून जवळची वाटते ती एकतारी. पहाटे दारात येऊन भजन म्हणणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. एक तार, एक सूर, हातात चिपळ्या. त्याचं गाणं सूर बदलून पुढे जात नाही; त्याच सुरावर शब्दांचं वजन वाढत जातं, आणि मनात आलं की तो गाणं थांबवून चार वाक्यं बोलतो, पुन्हा गायला लागतो. हूकर हेच करतो. चिपळ्यांच्या जागी त्याचा पाय आहे. दोन परंपरांचा एकमेकींशी काही संबंध नाही आणि तो जोडायचाही नाही. पण जिथे गाणारा एकटाच असतो आणि समोर मोजून वाजवणारं कुणी नसतं, तिथे ओळ किती लांबवायची ते तोच ठरवतो, मग तो कुठल्याही देशातला असो. पश्चिम आफ्रिकेतल्या मालीचा थोर गिटारवादक अली फार्का तूरे याने हूकरच्या रेकॉर्डी ऐकल्या तेव्हा त्याला ते आपल्याच मुलखातलं संगीत वाटलं होतं. त्या नात्याला मात्र इतिहासाचा आधार आहे.

आता हूकर शहरात कसा आला ते. वयाच्या चौदाव्या वर्षाच्या आसपास त्याने घर सोडलं. मेम्फिस, सिनसिनाटी असं करत 1940 च्या दशकात तो डेट्रॉइटला पोहोचला. दक्षिणेतून लाखो कृष्णवर्णीय माणसं तेव्हा कारखान्यांच्या शहरांकडे निघाली होती, त्यातलाच एक. मोटारींच्या कारखान्यात दिवसा झाडलोट करायची आणि रात्री हेस्टिंग्ज स्ट्रीटच्या क्लबांत वाजवायचं. त्या गोंगाटात साध्या गिटारचा आवाज पोहोचेना, म्हणून हातात विजेवरची गिटार आली.

1948 मध्ये बर्नी बेसमन या स्थानिक रेकॉर्ड विक्रेत्याने त्याला स्टुडिओत नेलं. बेसमनने एक शहाणपणाची गोष्ट केली. मागे वादक बसवले नाहीत. हूकरच्या पायाखाली लाकडी फळी ठेवली आणि तिचा आवाज टिपायला वेगळा माइक लावला. त्यातून 'बूगी चिलन' हे गाणं निघालं. एक माणूस, एक गिटार, एक पाय. रात्री अंथरुणात पडलेल्या मुलाला आईवडिलांचं बोलणं ऐकू येतं, मुलाला नाचू दे, ते त्याच्या अंगातच आहे, असं बाप म्हणतो, एवढीच गोष्ट. कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या संगीताची अमेरिकेत तेव्हा वेगळी यादी निघायची. 1949 च्या सुरुवातीला हे गाणं त्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. ब्लूज म्हणजे रडगाणं, हा गैरसमज ज्यांचा आहे त्यांनी हे तीन मिनिटांचं गाणं ऐकावं. बसल्या जागी पाय हलायला लागतो.

इतकं चाललेलं गाणं असून पैसा कुठे गेला? हा भाग मला नेहमी अस्वस्थ करतो. एका गाण्यात दोन वेगवेगळ्या मालमत्ता असतात. शब्द आणि चाल ही एक, तिचा मालक गीतकार किंवा प्रकाशक. प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण ही दुसरी, तिला मास्टर म्हणतात, आणि ती सहसा रेकॉर्ड कंपनीकडे राहते. रेकॉर्ड विकली गेली की दोन्हीकडे थोडे थोडे पैसे जायला हवेत. त्या काळी हूकरसारख्या गायकाला शिक्षण नाही, वकील नाही, आणि हिशेबाची वही कंपनीच्या कपाटात. गाण्याचा सहलेखक म्हणून भलत्याच कुणाचं तरी नाव लागणं ही नित्याची बाब होती. हूकरच्या सुरुवातीच्या गाण्यांवरही बेसमनचं नाव आहे.

हूकरने त्यावर स्वतःचा तोडगा काढला. रॉयल्टी येईल तेव्हा येईल, आधी रोख द्या. एका कंपनीशी करार असताना तो दुसरीकडे दुसऱ्या नावाने गायचा. टेक्सास स्लिम, डेल्टा जॉन, जॉनी विल्यम्स, बर्मिंगहॅम सॅम, आणि डोळ्यांत धूळ फेकायचाही प्रयत्न न करणारं जॉन ली बुकर. आवाज ऐकून कुणालाही कळायचं की हा हूकरच आहे. लोक हे किस्से चवीने सांगतात. मला त्यात हातावर पोट असलेल्या माणसाची कसरत दिसते. हातात आलेले पैसे तेवढे खरे, बाकी सगळे कागदावरचे.

याचं एक टोक 1990 च्या दशकात कोर्टात दिसलं. 'बूगी चिलन'च्या ठेक्यावरून झीझी टॉप या रॉक बँडने 1973 मध्ये आपलं एक गाजलेलं गाणं बेतलं, असा दावा बेसमनच्या प्रकाशन कंपनीने केला. 1995 मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की रेकॉर्ड विकायला ठेवली तेव्हाच गाणं प्रकाशित झालं, मुदतीचं घड्याळ तेव्हापासून चालू झालं, आणि हक्काचं नूतनीकरण वेळेत झालं नाही, सबब गाणं सगळ्यांचं झालं. अनेक जुन्या गाण्यांच्या मालकांचे धाबे दणाणले आणि 1997 मध्ये अमेरिकेच्या संसदेने कायदाच दुरुस्त केला. एका झाडूवाल्याने फळीवर आपटलेल्या पायाने देशाचा कॉपीराइट कायदा हलवला, असं म्हटलं तरी चालेल.

पुन्हा साथीकडे येऊ. 1955 पासून हूकर व्ही-जे या शिकागोच्या कंपनीकडे गायला लागला आणि आता त्याच्या मागे पूर्ण बँड असायचा. बाजाराला एकट्याची गिटार जुनाट वाटू लागली होती. तिथल्या कितीतरी गाण्यांत लेखाच्या सुरुवातीला सांगितलेली ओढाताण ऐकू येते. काही वेळा जमूनही गेलं. 1962 चं 'बूम बूम' हे त्याचं सगळ्यात सुटसुटीत गाणं. त्यात डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीतले मुरलेले वादक साथीला होते, आणि हूकरही बऱ्यापैकी घरं मोजून गायलाय. क्लबमध्ये उशिरा पोहोचल्यावर तिथली दारू वाढणारी बाई जे म्हणायची त्यावरून ते सुचलं, असं तो सांगायचा. त्याच सुमाराला लोकसंगीताची लाट आली. गोऱ्या कॉलेजकुमारांना 'अस्सल' ब्लूज हवा होता, तेव्हा त्याच हूकरला विजेची गिटार बाजूला ठेवून साधी गिटार घ्यायला लावली. 1961 मध्ये न्यूयॉर्कच्या एका कॅफेत त्याच्या आधी गाण्यासाठी एक विशीही न गाठलेला पोरगा होता, बॉब डिलन. इंग्लंडमधल्या पोरांनी हूकरची गाणी उचलून आपले बँड उभे केले. एका गिऱ्हाइकाला बँडवाला हूकर हवा, दुसऱ्याला खेड्यातला हूकर हवा.

त्याला जसाच्या तसा घेणारा पहिला माणूस माझ्या मते ॲलन विल्सन. कॅलिफोर्नियाच्या कॅन्ड हीट या रॉक बँडमधला, जाड चष्म्याचा, जुन्या रेकॉर्डी पाठ केलेला तरुण. 1970 मध्ये या बँडने हूकरबरोबर ध्वनिमुद्रण केलं. त्यात बराच भाग हूकर एकटा आहे, काही ठिकाणी फक्त विल्सनची माउथ ऑर्गन किंवा पियानो साथीला, आणि पूर्ण बँड नंतर येतो. हूकर अडखळतो, थांबतो, अर्ध्यावर ओळ टाकतो, आणि विल्सन सावलीसारखा बरोबर असतो. गाण्यांच्या मधलं बोलणंही त्या रेकॉर्डवर ठेवलंय. हा पोरगा माझ्या मागे कसा काय येतो कळत नाही, पण येतो, अशा अर्थाचं हूकर तिथे कौतुकाने बोलतो. रेकॉर्ड 1971 मध्ये बाजारात आली. त्याआधीच, सप्टेंबर 1970 मध्ये, विल्सन वारला. सत्तावीस वर्षांचा होता.

त्यानंतरची अठरा-एकोणीस वर्षं झरझर सांगून टाकतो, कारण हूकरसाठी ती तशीच गेली. गावोगावचे क्लब, बसचे प्रवास, निघाल्या-न-निघाल्यासारख्या रेकॉर्डी. 1980 च्या 'द ब्लूज ब्रदर्स' चित्रपटात शिकागोच्या मॅक्सवेल स्ट्रीटच्या बाजारात तो 'बूम बूम' गाताना दिसतो. नाव विसरलं गेलं नव्हतं. पण नाव माहीत असणं आणि रेकॉर्ड विकली जाणं यांत फार अंतर आहे.

1980 च्या दशकात त्याच्या बँडमध्ये रॉय रॉजर्स नावाचा गिटारवादक होता. तारांवर काचेची किंवा धातूची नळी घासून वाजवण्यात, म्हणजे स्लाइडमध्ये, तरबेज. रात्री-अपरात्री हूकरच्या मागे उभं राहून तो कधी थांबतो, कधी वळतो, हे त्याने अंगात भिनवलं होतं. 'द हीलर'चा निर्माता हाच. हूकरचं काम बघणारा माइक कॅपस त्याच्या जोडीला होता. यातली मेख अशी की निर्माता म्हणून बसलेला माणूस स्वतः साथीदार होता. बाहेरचा निर्माता असता तर त्याने हूकरला घरं मोजायला लावलं असतं. रॉजर्सने पाहुण्यांना हूकरकडे बघायला लावलं.

पाहुण्यांची यादी मोठी आहे. गिटारवादक कार्लोस सँटाना, गायिका-गिटारवादक बॉनी रेट, रॉबर्ट क्रे, लॉस लोबोस हा बँड, जॉर्ज थरोगुड, माउथ ऑर्गनवाला चार्ली मसलव्हाइट, आणि कॅन्ड हीट, विल्सन नसलेली. यातल्या बहुतेकांनी पोरवयात हूकरच्या रेकॉर्डी झिजवल्या होत्या. ते मदतीला आले होते, पण त्याहून जास्त ते शिकलेलं दाखवायला आले होते.

पहिलं गाणं म्हणजे अल्बमचं शीर्षकगीत. सँटानाच्या बँडचा लॅटिन ठेका, आर्मांडो पेराझाचे कोंगा, म्हणजे हाताने वाजवायचे उंच ढोल, चेस्टर थॉम्पसनचा कीबोर्ड आणि त्यावर हूकरचा खर्जातला, जवळजवळ बोलण्यासारखा आवाज. ब्लूज हा वैद्य आहे, तो मला बरं करतो, इतकंच सांगणं. कॉर्ड फारशा हलत नाहीत, ठेका गोल फिरत राहतो, त्यामुळे हूकरने ओळ कुठेही सुरू केली तरी ती खड्ड्यात पडत नाही. एकाच सुरावर गाणाऱ्याला कशी जमीन घालून द्यावी, याचा हा धडा आहे. माझी तक्रार एवढीच की शेवटाकडे सँटानाची गिटार अंगावर येते आणि म्हातारा थोडा झाकला जातो.

दुसरं गाणं मला या अल्बममधलं सगळ्यात मोलाचं वाटतं. 'आय एम इन द मूड' हे हूकरचंच जुनं गाणं, 1951 मध्ये 'बूगी चिलन'सारखंच कृष्णवर्णीय संगीताच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलेलं. त्या वेळी बेसमनने एक करामत केली होती. हूकरचाच आवाज पुन्हा मुद्रित करून मूळ आवाजावर चढवला होता. त्यामुळे ती रेकॉर्ड भुतासारखी वाटते. एक माणूस स्वतःशीच कुजबुजतोय आणि दुसरा आवाज कणभर मागे राहतोय. 1989 मध्ये त्या दुसऱ्या आवाजाच्या जागी बॉनी रेट आली. ती गाते तेव्हा ऐका. हूकरची ओळ संपायची ती वाट बघत नाही आणि त्याच्या पुढेही जात नाही. तो श्वास घेतो त्या फटीत तिचा हुंकार येतो, तिची स्लाइड त्याच्या शब्दाचं शेपूट पकडते. अडतीस वर्षांपूर्वी यंत्राने जे केलं ते इथे एका माणसाने ऐकून केलं.

या गाण्याला 1990 च्या फेब्रुवारीत पारंपरिक ब्लूजचं ग्रॅमी मिळालं. त्याच रात्री बॉनी रेटला आणखी तीन मिळाली, त्यातलं एक वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं. तीही तेव्हा कड्यावरून परत आलेली होती. 1983 मध्ये तिच्या मोठ्या कंपनीने तिला सोडून दिलं होतं.

बाकीच्या गाण्यांत रॉबर्ट क्रेबरोबरचं 'बेबी ली' नीटनेटकं, घट्ट बसलेलं आहे. लॉस लोबोसच्या गाण्यात मजा आहे. थरोगुडबरोबरचं ठीक. मग शेवटाकडे पाहुणे पांगतात. आठवं 'रॉकिंग चेअर' आणि शेवटचं 'नो सब्स्टिट्यूट' यांत हूकर एकटाच आहे. मोठ्या जेवणावळीनंतर सगळे गेलेत आणि घरधनी ओसरीवर एकटा बसलाय, तसं वाटतं.

1989 च का, याचीही कारणं आहेत. सीडी नवी होती. ज्यांनी तरुणपणी रोलिंग स्टोन्स ऐकले ती पिढी आता चाळिशीत होती, हातात पैसा होता, आणि जुनं संगीत नव्या चकतीवर पुन्हा विकत घेत होती. 1986 मध्ये रॉबर्ट क्रेच्या आणि त्याआधी स्टीव्ही रे वॉनच्या यशाने कंपन्यांना कळलं होतं की ब्लूज विकला जातो. 1990 मध्ये तर 1938 साली वारलेल्या रॉबर्ट जॉन्सनच्या सगळ्या गाण्यांचा संच निघाला आणि लाखोंनी खपला. 'द हीलर' या लाटेवर स्वार झाला, आणि लाट मोठी करणाऱ्यांतही तो होता.

त्यानंतर सगळं भराभर झालं. ऑक्टोबर 1990 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याच्या सन्मानार्थ मोठी मैफल झाली. त्याच वर्षी 'द हॉट स्पॉट' चित्रपटाच्या संगीतात तो जाझचा ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसबरोबर आहे, ट्रम्पेट आणि त्याचं गुणगुणणं, आणि ते मला 'द हीलर'इतकंच आवडतं. 1991 चा 'मिस्टर लकी' इंग्लंडच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. 1992 मध्ये जीन्सच्या एका जाहिरातीमुळे 'बूम बूम' तिथे तीस वर्षांनी पुन्हा चाललं. कॅलिफोर्नियात त्याने घरं घेतली. आधी रोख मागणाऱ्या माणसाला आता मागावं लागत नव्हतं.

या यशाचं एक वाईट पिल्लूही निघालं, ते लपवण्यात अर्थ नाही. म्हातारा कलाकार अधिक दहा नामवंत पाहुणे, असा नुस्खाच होऊन बसला, आणि कितीतरी अल्बममध्ये यजमान शोधावा लागतो. पण चांगली उदाहरणंही आहेत. शिकागोच्या बडी गायने 1991 मध्ये एरिक क्लॅप्टन, जेफ बेक आणि मार्क नॉफ्लर यांना घेऊन स्वतःचं असंच पुनरागमन केलं. मुंबईकरांनी त्याला प्रत्यक्ष ऐकलंय; वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत 2011 मध्ये पहिला महिंद्रा ब्लूज महोत्सव झाला तेव्हा तो आला होता. हूकर त्याच्या दहा वर्षं आधी गेला. 21 जून 2001 ला, लॉस आल्टोसच्या घरी, झोपेत. त्याच्या आधीच्या काही दिवसांत त्याने सांता रोझाला कार्यक्रम केला होता.

ऐकायला सुरुवात करायची असेल तर माझा क्रम असा. आधी 1948 चं 'बूगी चिलन', पायासाठी. मग कॅन्ड हीटबरोबरची रेकॉर्ड, विल्सनसाठी. मग 'द हीलर' सुरुवातीपासून, 'आय एम इन द मूड' दोनदा. शेवटच्या गाण्याला दिवा मालवा आणि बोटांच्या पेरांवर बारा घरं मोजायला लागा. कुठेतरी मोजणी सुटेल. पाय मात्र हलत राहील.